घात, मूळ आणि ताळा



या सदरात त्रैराशिक, नफा-तोटा, भागीदारी असे व्यवहारातले विषय आपण पाहत आलो. या वेळचा विषय वरकरणी शाळेतला आहे. घातांकाच्या जागी पूर्णांकाऐवजी अपूर्णांक आला तर त्याचा अर्थ काय आणि असे समीकरण कसे सोडवावे, हा तो विषय. आपल्या राज्यात इयत्ता आठवीच्या गणिताच्या पुस्तकात ‘घातांक व घनमूळ’ या प्रकरणात मुलांची त्याच्याशी पहिली ओळख होते. पुष्कळ घरांतील मुले तेव्हा विचारतात, ‘याचा दुकानात काय उपयोग?’ आपण मोठी माणसेही गप्प राहतो, कारण उत्तर आपल्यालाही ठाऊक नसते. मीही वर्षानुवर्षे गप्पच राहिलो. ज्या प्रसंगाने माझे मत पालटले तो आज सांगतो. सांगताना संकोच वाटतो, कारण त्यात दोष माझाही आहे.

आखाडा बाळापूरच्या मोंढ्यात आमचे पिढीजात आडत दुकान. हळद आणि सोयाबीन हा मुख्य माल. वडील गेल्यावर थोरले बंधू, आमचे दादा, मुलांकडे नांदेडला राहावयास गेले आणि पेढी माझ्याकडे आली. काही वर्षांपूर्वी गोदाम नव्याने बांधावयाचे ठरले, तेव्हा दादांनी आपणहून ४,००,००० रुपये दिले. मी नको म्हणत असता त्यांनीच ठरविले, ‘दोन वर्षांनी ४,८४,००० दे, म्हणजे तुलाही ओझे नाही आणि मलाही संकोच नाही.’ वर्षाला १० टक्के, व्याजावर व्याज, असा त्याचा अर्थ. पहिल्या वर्षी ४,४०,०००, दुसऱ्या वर्षी ४,८४,०००. आम्ही वहीत एवढीच ओळ लिहिली. मुदतीपूर्वी पैसे लागले तर काय, हे लिहिले नाही. भावाभावांत ते कोण लिहितो?

दीड वर्ष झाले आणि वहिनींची शस्त्रक्रिया करावी लागली. दादांनी पैसे मागितले. मी पहिल्या वर्षाचे ४०,००० आणि पुढील सहा महिन्यांचे ४,४०,००० वर ५ टक्के, म्हणजे २२,००० असे ६२,००० व्याज धरून ४,६२,००० पाठविले. दादांच्या मनातला हिशेब निराळा होता. दोन वर्षांचे व्याज ८४,०००, त्याचे तीन-चतुर्थांश ६३,०००. फरक अवघ्या हजार रुपयांचा. त्यांनी मागितला नाही, मी विचारला नाही. मात्र फोनवर ते एकदा इतकेच म्हणाले, ‘अरे, एकदा विचारायचे होतेस.’ मला ते झोंबले. घरात आजारपण असता हा माणूस हजार रुपये मोजतो, असे माझ्या मनात आले. त्यांच्या मनात आले असेल की, अडचणीच्या वेळी धाकट्याने आपल्याला हिशेब शिकविला. पुढे वर्षभर येणे-जाणे आटले. क्षमावाणीच्या दिवशी फोनवर शब्द झाले, पण गाठ सुटली नाही.

दुसऱ्या वर्षीच्या क्षमावाणीस दादा आणि वहिनी स्वतः बाळापूरला आले. माझी नात तेव्हा अकरावीत होती. ती ओसरीवर वही घेऊन बसली होती. दादांनी सहज विचारले, ‘काय चालले आहे?’ ती म्हणाली, ‘मोठे आजोबा, अपूर्णांक घातांक.’ दादा हसून म्हणाले, ‘अपूर्णांक घात म्हणजे काय? दोनाचा तिसरा घात म्हणजे दोन तीन वेळा मांडून गुणणे. अर्ध्या वेळा कसे मांडणार?’

हा प्रश्न सामान्य नाही. तिने दिलेले उत्तर मी माझ्या शब्दांत मांडतो.

घातांकांचा पहिला नियम असा की, पाया एकच असता गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते. दोनाचा तिसरा घात ८, दुसरा घात ४. त्यांचा गुणाकार ३२, म्हणजे दोनाचा पाचवा घात. हाच नियम अपूर्णांकांनाही लागू ठेवावयाचा असेल, तर एखाद्या संख्येचा अर्धा घात त्याच अर्ध्या घाताने गुणला असता तिचा पहिला घात, म्हणजे ती संख्याच मिळाली पाहिजे. स्वतःशी गुणल्यावर मूळ संख्या देणारी संख्या म्हणजे वर्गमूळ. म्हणून १/२ घात म्हणजे वर्गमूळ, १/३ घात म्हणजे घनमूळ. २/३ घात म्हणजे घनमूळ काढून त्याचा वर्ग. ८ चे घनमूळ २, त्याचा वर्ग ४. म्हणून ८ चा २/३ घात ४. अपूर्णांकाचा छेद कोणते मूळ काढावयाचे ते सांगतो आणि अंश त्याचा कितवा घात करावयाचा ते सांगतो.

आता हेच पेढीच्या भाषेत पाहा. वर्षात रक्कम १.१ पट होते. सहा महिन्यांत ती किती पट व्हावी? सहा महिन्यांची पट स्वतःशी गुणली की वर्षाची पट आली पाहिजे, म्हणजे १.१ चे वर्गमूळ, सुमारे १.०४८८. सहा महिन्यांचे व्याज ५ टक्के नव्हे, ४.८८ टक्के. आपण सहज ५ टक्के धरतो. पण १.०५ ला १.०५ ने गुणले तर १.१०२५ येतात. त्याच दराने दोन सहामाही व्याजावर व्याज धरले, तर वर्षाचे १०.२५ टक्के होतात, आणि ते आपण ठरविलेले नसते.

नातीने हे सांगितले तेव्हा दादांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. मीच तिला म्हणालो, ‘चार लाखांचे दोन वर्षांत चार लाख चौऱ्याऐंशी हजार होत असतील, तर दीड वर्षात किती?’ तिला यातले मागचे काहीच ठाऊक नव्हते. तिने मांडले, ‘दोन वर्षांत १.२१ पट. दीड वर्ष म्हणजे दोन वर्षांचे तीन-चतुर्थांश. म्हणून १.२१ चा ३/४ घात.’ साध्या गणनयंत्रावर तिने १.२१ लिहून वर्गमुळाची कळ दाबली. १.१ आले. पुन्हा तीच कळ दाबली. १.०४८८०८८ आले. दोहोंचा गुणाकार १.१५३६९. चार लाखांनी गुणून उत्तर ४,६१,४७६ रुपये.

दादा ६३,००० म्हणत होते, मी ६२,००० दिले होते, आणि बीजगणित म्हणत होते ६१,४७६. दोघांचेही चुकले होते म्हणावे, की दोघांचेही बरोबर होते? त्याकडे शेवटी येतो. त्याआधी तिने केलेल्या रीतीकडे वाचकांचे लक्ष वेधतो, कारण ती रीत आपल्या आगमांत आहे.

वर्गमूळ आणि पुन्हा त्याचे वर्गमूळ, यांना अनुयोगद्वार सूत्रात प्रथम वर्गमूळ आणि द्वितीय वर्गमूळ म्हटले आहे. हे आगम दीड हजार वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने. त्यात असे विधान येते की, प्रथम वर्गमूळ आणि द्वितीय वर्गमूळ यांचा गुणाकार हा द्वितीय वर्गमुळाच्या घनाइतका असतो, आणि द्वितीय व तृतीय वर्गमुळांचा गुणाकार तृतीय वर्गमुळाच्या घनाइतका. आजच्या भाषेत १/२ आणि १/४ यांची बेरीज ३/४. १६ घेऊन पाहा. प्रथम वर्गमूळ ४, द्वितीय २, गुणाकार ८, आणि २ चा घनही ८. माझ्या नातीने गणनयंत्रावर केले ते नेमके हेच. प्रथम मूळ गुणिले द्वितीय मूळ.

त्याच सूत्रात मनुष्यांची संख्या सांगताना ती २९ स्थानांची, पाचव्या वर्गाने सहाव्या वर्गास गुणून मिळणारी आणि ९६ वेळा निम्मी करता येणारी असे म्हटले आहे. दोनाचा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, त्याचा २५६, अशा क्रमाने पाचवा वर्ग म्हणजे दोनाचा ३२ वा घात आणि सहावा म्हणजे ६४ वा घात. गुणाकार दोनाचा ९६ वा घात, आणि तो लिहिला तर खरोखर २९ अंकांची संख्या होते. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत, म्हणजे नवव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास, एखादी संख्या किती वेळा निम्मी होते याला ‘अर्धच्छेद’ हे नाव आहे. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जपलेली ही टीका डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून आपल्या अमरावतीहून छापून प्रसिद्ध होऊ लागली, ही महाराष्ट्रातील जैन समाजाने विसरू नये अशी गोष्ट.

येथे एक सावधगिरी हवी. आपल्या पूर्वजांनी अपूर्णांक घातांक आजच्या चिन्हांत लिहिले असे म्हणणे खरे नाही. घातांकाच्या जागी अपूर्णांक मांडण्याची कल्पना चौदाव्या शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम याने केली आणि न्यूटनच्या १६७६ मधील पत्रात ती आजच्या रूपात दिसते. आगमांतील आचार्यांनी मुळामुळांतील संबंध शब्दांत सांगितला. जितके आहे तितकेच सांगावे. अधिक सांगितले की जे आहे त्यावरचाही लोकांचा विश्वास उडतो. हे खातेवहीला लागू आहे, तसे इतिहासालाही.

आता समीकरण सोडविण्याची रीत. मुलांसह वही घेऊन बसावे.

पहिला प्रकार. अज्ञात संख्या ‘य’ मानू. य चा ३/२ घात २७ आहे, तर य किती? घात काढून टाकावयाचा तर दोन्ही बाजूंचा उलट्या अपूर्णांकाचा, म्हणजे २/३ घात करावा. ३/२ गुणिले २/३ म्हणजे १, म्हणून डावीकडे केवळ य उरतो. उजवीकडे २७ चे घनमूळ ३, त्याचा वर्ग ९. य = ९. पडताळा पाहा. ९ चे वर्गमूळ ३, त्याचा घन २७. जुळले.

दुसरा प्रकार. य चा २/३ घात १६ आहे. त्याच रीतीने १६ चा ३/२ घात काढला तर ६४ मिळतात. पण येथे थांबू नये. य च्या घनमुळाचा वर्ग १६ आहे. ज्याचा वर्ग १६ ती संख्या ४ असेल, तशी उणे ४ ही असेल. म्हणून य = ६४ किंवा य = उणे ६४. अंश सम असला की दोन उत्तरांची शक्यता तपासावी. पुष्कळ विद्यार्थ्यांचे गुण येथेच जातात.

तिसरा प्रकार अधिक महत्त्वाचा, कारण तेथे उत्तर हरवत नाही, उलट एक खोटे उत्तर आत शिरते. त्यासाठी महावीराचार्यांकडे जावे लागेल. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. आपला मराठवाडा त्या राज्याचाच भाग होता. शेजारच्या कंधारास त्या काळाचे अवशेष आजही पाहता येतात. हा ग्रंथ १९१२ मध्ये मद्रास येथे एम. रंगाचार्य यांच्या इंग्रजी भाषांतरासह, तर १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रकीर्णक अध्यायात वर्गमुळाची समीकरणे कथेच्या रूपाने येतात. त्यांतले एक उंटांच्या कळपाचे. त्याचा आशय असा आहे: कळपाचा चौथा हिस्सा रानात दिसला, कळपाच्या वर्गमुळाची दुप्पट डोंगरउतारावर गेली आणि १५ उंट नदीकाठी राहिले. तर कळप केवढा?

कळप य मानला तर य चा चौथा हिस्सा, अधिक य च्या १/२ घाताची दुप्पट, अधिक १५, बरोबर य. येथे य आणि त्याचा अर्धा घात दोन्ही एकत्र आहेत. युक्ती अशी की वर्गमुळालाच नवे नाव द्यावे. वर्गमूळ ‘र’ मानले तर य म्हणजे र चा वर्ग. चारांनी गुणून मांडणी केली की र च्या वर्गाची तिप्पट, वजा र ची आठपट, वजा ६० बरोबर शून्य, असे नेहमीचे वर्गसमीकरण मिळते. त्याची दोन उत्तरे येतात. र = ६ किंवा र = उणे १०/३.

पहिल्यावरून कळप ३६ उंटांचा. ताळा पाहा. चौथा हिस्सा ९, वर्गमूळ ६ ची दुप्पट १२, आणि १५. बेरीज ३६. दुसऱ्या उत्तराचा वर्ग केला तर १००/९ मिळतात. ही संख्या मूळ समीकरणात घातली तर डावीकडे २२०/९ येतात आणि उजवीकडे १००/९. जुळत नाही. वर्गमूळ म्हणजे धन मूळ, ते उणे असू शकत नाही. पण वर्ग करताना उणे आणि अधिक एकाच रूपाचे होतात, म्हणून खोटे उत्तर खऱ्याचा वेष घेऊन दारात येते. य चा अर्धा घात उणे ५ आहे असे कोणी लिहिले तर वर्ग करून २५ हे उत्तर झटकन येईल. पण २५ चे वर्गमूळ ५ आहे, उणे ५ नव्हे. असे समीकरण सुटतच नाही. ऋण संख्या स्वभावतःच वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, हे महावीराचार्यांनी स्पष्ट सांगून ठेवले आहे. त्यांच्याजवळ ही विवेकदृष्टी होती.

यावरून रीत ठरते. घात काढण्यासाठी उलटा घात करावा. एकाच अज्ञाताचे दोन घात असतील तर लहान घाताला नवे नाव द्यावे. आणि मिळालेले प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा पाहावा. पहिल्या दोन गोष्टी मुले शिकतात. तिसरी गाळतात. ज्या घरात रात्री कीर्द जुळल्याशिवाय दिवा मालवीत नसत, त्या घरातील मुलांनी तरी ती गाळू नये.

व्यवहारात हे कोठे लागते? कोणी सांगतो, ‘पाच वर्षांत रक्कम दुप्पट, म्हणजे वर्षाला वीस टक्के.’ ऐकणारा मान डोलावतो. समीकरण मांडावे. वार्षिक पटीचा पाचवा घात २ आहे. दोन्ही बाजूंचा १/५ घात केला की पट सुमारे १.१४८७. म्हणजे १४.८७ टक्के. वीस आणि पावणेपंधरा यांतले अंतर थोडे नव्हे. तसेच वर्षाला २४ टक्के व्याजावर व्याजाने ठरले असेल, तर महिन्याचा दर १.२४ चा १/१२ घात काढून सुमारे १.८१ टक्के येतो. महिन्याला २ टक्के धरून व्याजावर व्याज घेतले तर वर्षाचे २६.८२ टक्के होतात. ज्याला हे कळत नाही तो फसतो. ज्याला कळते आणि तरी सांगत नाही, त्याच्याविषयी मी काय बोलावे?

आता आमच्या ओसरीवर परत येतो. नातीच्या वहीतला आकडा पाहून दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘हेच खरे काय?’ ती म्हणाली, ‘आजोबा, रक्कम प्रत्येक क्षणी सारख्याच प्रमाणात वाढते असे मानले असेल, तर हे खरे. तुम्ही काय मानले होते?’ पूर्ण वर्षाला व्याजावर व्याज आणि उरलेल्या महिन्यांना सरळ व्याज, ही माझी रीतही व्यवहारात सर्रास चालते. व्याज काळाच्या प्रमाणात वाटणे, ही दादांची रीतही कित्येक पेढ्यांवर चालत आली. तीनही उत्तरे आपापल्या गृहीतावर बरोबर होती. आम्ही दोघांनी आपापले गृहीत मनात ठेवले आणि दुसऱ्याने ते ओळखावे अशी अपेक्षा केली. गणित नेमके तेथे काही करू शकत नाही. समीकरण सोडविता येते, पण आधी ते मांडावे लागते, आणि मांडणी दोघांनी मिळून करावी लागते.

दादा म्हणाले, ‘मला हजार रुपयांचे नव्हते रे. तू विचारले नाहीस, त्याचे होते.’ मी म्हणालो, ‘दादा, चुकले माझे. तुमच्या तोंडून हजार ऐकले असे मला वाटले, तुम्ही तर म्हणालाच नव्हता.’ वहिनी आतून म्हणाल्या, ‘वर्षभर दोघांनी मिळून माझा सण बुडविला, त्याचे व्याज कोण देणार?’ त्यावर मात्र सगळे हसले.

ती जुनी वही मी काढली. ४,८४,००० च्या ओळीखाली दादांनी स्वतःच्या हाताने लिहिले, ‘मुदतीपूर्वी देणे झाल्यास हिशेब दोघांनी बसून करावा.’ व्यवहार मिटून गेला होता, ओळीचा आता काही उपयोग नव्हता. तरी आमच्या घरात पुढील प्रत्येक नोंदीत ती ओळ येते. वाचकांनीही आपल्या वहीत ती घालावी. आप्तांशी व्यवहार असेल तर आवर्जून घालावी.

या महिन्याचा प्रश्न. एका गोदामातील हळदीच्या पोत्यांपैकी निम्मी पोती विकली गेली. एकूण पोत्यांच्या वर्गमुळाच्या तिप्पट पोती दुसऱ्या गोदामात हलविली. ८ पोती शिल्लक राहिली. तर एकूण पोती किती? दोन उत्तरे येतील. खोटे कोणते आणि ते का खोटे, हेही लिहावे. उत्तर पुढील अंकी.